नळीतलं पाणी

९ मार्च

मामा,

पत्राच्या सुरुवातीला मोठ्यांना काय काय लिहायचं असतं, तो धडा यायच्या आधीच मी शाळा सोडली. म्हणून नुसतंच मामा.

परवा तू काकूंच्या शिलाईच्या दुकानात फोन केलास तेव्हा मीच उचलला होता. तुला कळलं होतंच. तू तीन-चारदा हॅलो म्हणालास आणि मग म्हणालास, "नुसता श्वास ऐकू येतोय, म्हणजे मौनीबाई." मला इतकं काय काय बोलायचं होतं की सगळं एकदम दारात अडकलं. मग काकूंनी विचारलं कोण आहे, आणि मी ठेवून दिला. रागावू नकोस. फोनवर समोरचा माणूस वाट बघत असतो ना, तेच मला झेपत नाही.

तुझी पत्रं दुकानाच्या पत्त्यावर येतात ते बरंय. घरी आली असती तर आईने काय केलं असतं कुणास ठाऊक. तुझं नाव निघालं की ती अजूनही उठून जाते. काल शेजारीण म्हणाली, "भावाची काही खबरबात?" तर आई म्हणाली, "दूध उतू जातंय," आणि आत गेली. गॅसवर काहीच नव्हतं.

आता खरी बातमी. तो कायदा बदलायचा म्हणतात. तुझाच, घरात काही आंबवलं की गुन्हा तो. दुकानात रोज हाच विषय. काल एक गिऱ्हाईक हात वर करून उभं होतं आणि मी छातीचं माप घेत होते. तो माणूस काकूंना म्हणाला, "दुकानातून खोकंभर बाटल्या उचलून आणल्या तर मी सभ्य गृहस्थ. आणि माझ्या परसातल्या फळांची एक बरणी लावली तर मी गुन्हेगार! माझ्या पणजोबांच्या वेळचा कायदा आहे हो. त्यांचा दात सापडेल त्यात." मला सांगावंसं वाटलं की माझ्या मामाला याच कायद्याने पळवलंय. मी टेप धरून तशीच उभी. शेवटी तोच म्हणाला, "माप झालं का गं? हात भरून आले."

तर मला एवढंच विचारायचंय. कायदा बदलला तर तुझी केस मिटेल का? तू येशील का?

आणि अजून एक. ओरडू नकोस. मी बरणी लावलीय.

आपल्या झाडाची ती आंबट सफरचंदं. तू गेल्यापासून आई ती झाडून खड्ड्यात टाकते, एकसुद्धा खात नाही. या वेळी ती टाकायच्या आधी मी अर्धी गोळा केली. चिरली, साखर, पाणी, तू करायचास तसंच सगळं. नळी कुठून आणायची हा प्रश्न होता, पण स्वयंपाकघरात पिठाच्या मोठ्या डब्यामागे तुझी एक वाकडी काचेची नळी सापडली. पोलिसांच्या नजरेतून सुटली असेल. बरणी दिवाणात ठेवलीय, रजयांच्या मध्ये. सगळा हिवाळा गप्प होती. मला वाटलं मेली.

गेल्या आठवड्यात दुपारी मी दिवाणावर बसून काज करत होते आणि खालून आवाज आला. बुडुक.

मामा, मला वाटलं तू आत खोकलास. मी उठून पलीकडच्या खोलीत बघूनसुद्धा आले.

तुझी भाची


२१ मार्च

श्रीमती मौनीबाई यांस,

अगं ए वेडे! घरात एक गुन्हेगार कमी पडला होता का?

पण खरं सांगू, तुझं पत्र वाचून मी खोलीत एकटाच हसलो. आधी हसलो, मग घाबरलो, मग पुन्हा वाचलं. बुडुक! तीन वर्षांत मी तो आवाज ऐकला नाही. तू म्हणशील तिथं तर परवानगी आहे, राज्याची हद्द ओलांडली की सगळं माफ, मग? आहेच परवानगी. इथे आठवडी बाजारात भाजीच्या शेजारी नळ्या विकायला असतात. पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं, शिपाई नाही ना. इथे म्हाताऱ्या बायका एकमेकींना विचारतात, तुझी या वर्षी कशी उतरली? जसं काही स्वेटर विणलाय. आणि मी काय करतो, तर कारखान्यात पट्ट्याशेजारी उभा राहून बाटल्या बघतो. सगळ्या एका आईच्या. एकही तोंड उघडत नाही.

मी का नाही लावत म्हणशील. लावून काय करू? शेजारी बसून ऐकायला कोण आहे?

आता नीट ऐक. एक, प्यायची नाहीस. चमचाभरही नाही, बोट बुडवून चाटायचंही नाही. तुझं वय काय, आणि ताईला कळलं तर ती मला इथे येऊन मारेल. दोन, सगळा जीव त्या नळीतल्या पाण्यात आहे. वाकलेल्या भागात घोटभर पाणी असतं ना, तेच दार. आतला वारा बाहेर जातो, बाहेरचा आत येत नाही. उन्हाळ्यात ते आटतं. आटलं की खेळ खलास. दर आठवड्याला बघायचं, जास्त नाही, घोटभर.

केसचं म्हणशील तर माझं नाव अजून त्या कोर्टात टांगलेलं असणार. तारखेला हजर न राहता पळालेला माणूस मी. हद्दीत पाय टाकला की हातात बेड्या. पण इथला एक कारकून सांगत होता, असा कायदा बदलला की जुन्या केसेस काढून टाकतात. तसं झालं ना, तर झाडाची फळं पिकायच्या आत मी दारात. बरणी आपण दोघं उघडू. तोवर हात लावू नकोस.

पेपरात वाचलं की टाउन हॉलमध्ये लोकांचं म्हणणं ऐकून घेणार आहेत. आपल्या घरातून कुणीतरी बोलायला हवं गं. ताई तर बोलणार नाही. मग उरलं कोण?

हो, तूच. पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच. दोनच वाक्यं. माझा मामा चांगला माणूस आहे, त्याला घरी येऊ द्या. झालं.

तुझ्या काकूंना माझा नमस्कार. आपली पत्रं इतकी जपून देतात म्हणजे आपल्याच बाजूच्या.

तुझा मामा


६ एप्रिल

मामा,

मी दोन वाक्यं पाठ केली. आरशासमोर म्हणून बघितली. आरशातल्या मुलीने पण मान खाली घातली.

पण तो प्रश्नच नाही. तुला एक सांगायचं राहिलंय. राहिलं नाही, मी सांगितलं नाही. काकू आपल्या बाजूच्या नाहीत.

कायदा बदलायच्या विरोधात जे सगळे सह्या गोळा करतायत ना, त्यांच्या पुढे काकूच आहेत. सह्यांचे कागद कापडाच्या ठाणांवर ठेवलेले असतात. गिऱ्हाईक माप द्यायला आलं की काकू आधी पेन देतात आणि मग टेप काढतात.

त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांचे मिस्टर मागच्या गल्लीतली दारू पिऊन गेले. प्लॅस्टिकच्या कॅनमधून विकायचे ती. त्या दिवशी सकाळी ते उठून बसले आणि म्हणाले, "अगं, अजून उजाडलं कसं नाही?" आणि खिडकीतून ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडलेलं होतं. हे काकूंनी मला एकदाच सांगितलं, सुईत दोरा ओवता ओवता. दोरा काही ओवला जाईना. मग मी ओवून दिला.

मला त्यांना सांगायचं होतं की मामाचं वेगळं होतं, मामा कॅन विकत नव्हता, मामा बरणीला आंघोळ घातल्यासारखं धुवायचा. त्याच म्हणाल्या, "तुझ्या मनात काय आहे ते कळतंय मला. तुझा मामा चांगला असेल. पण कायदा चांगल्या माणसांसाठी करत नाहीत गं. माझ्या नवऱ्यासारख्याच्या घरात बरणी आली असती तर? त्याने ती पिकायची वाट तरी बघितली असती का?" मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही. तुला येतं का?

आणि सगळ्यात वाईट. टाउन हॉलमध्ये धरायला मोठा कापडी फलक करायचा होता. लाल कापड, त्यावर पांढरी अक्षरं. "घरात भट्टी नको." अक्षरं मी कापली. शिवली पण मीच. दोन दिवस लागले. मामा, टीप एकदम सरळ आली. वाकडी यायला हवी होती, पण हाताला सवय.

बरणी छान आहे. रोज दुपारी दिवाणावर बसते. आता दमानं बोलते, तू जेवण झाल्यावर बोलायचास तशी.

तुझी भाची


१९ एप्रिल

टीप सरळ आली ना? शाब्बास. चांगली शिंपीण होशील.

मी कुणाला विष पाजलं नाही. एक थेंब विकला नाही. सफरचंदं जमिनीवर पडून सडतात, त्यांना कायदा काही म्हणत नाही, तीच बरणीत घातली तर भट्टी? गल्लीतल्या कॅनवाल्याला पकडलं का कुणी? त्याला नाही, मला पकडलं, कारण माझं दार उघडं होतं. हे तुझ्या काकूंना विचार. नको, विचारू नकोस. त्या हे आधीच वाचतील.

मी इथे पट्ट्यावर उभा राहून दिवस ढकलतो, ते फळं पिकायच्या आत घरी जायचं म्हणून. आणि माझ्याच घरातली पोरगी तो फलक शिवते.

आता काही दिवस लिहू नकोस.

ता. क. उकाडा वाढला असेल. नळीत पाणी घाल.


२ जुलै

मामा,

तू लिहू नको म्हणालास म्हणून लिहिलं नाही. सांगितलेलं ऐकते, हाच माझा घोटाळा आहे. पण आता तुझं ऐकणार नाही आणि हे पत्र तू बसून वाच, उभ्याने नको.

आधी एक. काकू आपली पत्रं उघडत नाहीत. तुझं ते शेवटचं पाकीट त्यांनी इस्त्रीच्या टेबलावर सरळ करून ठेवलं होतं आणि कापायला कात्री माझ्या हातात दिली. कापडाची कात्री. ती कागदाला त्या कधी लावू देत नाहीत, धार जाते म्हणून.

गेल्या शनिवारी टाउन हॉलमध्ये सभा झाली. मी गेले होते. फलकाच्या एका टोकाची काठी माझ्याकडे होती, दुसरी काकूंच्या बहिणीकडे. तो छातीच्या मापाचा माणूस छान बोलला, लोक हसले. मग काकू बोलल्या. खिडकीतल्या उन्हाचं बोलल्या आणि कुणीच हसलं नाही, तो माणूसही खाली बघत होता. मग टेबलामागचे साहेब म्हणाले, "आणखी कुणी?" माझी दोन वाक्यं जिभेवर होती. शपथ. पण हात वर करायचा तर काठी सोडायला हवी, आणि काठी सोडली असती तर काकूंचा फलक खाली आला असता. साहेबांनी दोनदा विचारलं. मग वही मिटली.

शेवटी समिती नेमली. म्हणजे कायदा आहे तसाच. समिती म्हणजे घट्ट झाकणाची बरणी, आत काही चाललंय की नाही बाहेर कळत नाही. मी घरी येताना सगळा रस्ता एकच म्हणत होते, आता मामा येत नाही.

घरी आले तर दिवाणाची फळी उघडी. रजया जमिनीवर. आणि आई बरणीसमोर मांडी घालून बसलेली.

मी तुला सांगितलं नव्हतं, मे महिन्यापासून आईची कंबर धरलीय. तेव्हापासून ती दिवाणावरच पडून असायची, दिवसा पण. मला फळी उचलायला मिळेना. आवाज येईल म्हणून आधी भीती वाटायची, मग आवाज येईना म्हणून भीती वाटायला लागली. रोज म्हणायचे, आज ती उठली की घोटभर पाणी घालते. मामा, नळी कोरडी ठणठणीत होती. बरणीत वर साय धरलेली आणि सगळ्या खोलीत आंबट वास. व्हिनेगर झालं. तू तेवढं एकच सांगितलं होतंस.

मला वाटलं आई आता बरणी उचलून माझ्या डोक्यात घालते. ती म्हणाली, "बस." मी बसले. ती म्हणाली, "अगदी हाच वास आला होता कोर्टात."

मला वाटलं उकाड्याने तिचं काही बिनसलं. तर ती सांगायला लागली. माझ्याकडे न बघता, बरणीकडे बघून. जसं तिने सांगितलं तसं लिहिते.

"तुझ्या मामाच्या तारखेला मी एकटी गेले. तो आदल्या दिवशी जेवताना म्हणाला, ताई, सकाळी बरोबर जाऊ. सकाळी बघते तर अंथरुणाची घडी. मी म्हटलं निदान पुढची तारीख मागून घ्यावी. जज्ज म्हणाले, मुद्देमाल आणा. शिपायांनी त्या बरण्या आणल्या. सहा महिने पोलीस ठाण्याच्या खोलीत पडलेल्या. नळ्या उभ्या राहत होत्या, फळीवर बरण्या मावेनात, म्हणून कुण्या शहाण्याने सगळ्या नळ्या उपटून पिशवीत भरल्या आणि बरण्यांवर फडकी बांधली. फडकं सोडलं आणि अख्ख्या कोर्टाला शिंका. तपासणीचा कागद होताच. त्यात लिहिलेलं, हे व्हिनेगर आहे. जज्ज म्हणाले, व्हिनेगर बाळगणं कुठल्या कलमात बसतं? सरकारी वकील पुस्तक चाळत बसला. केस तिथंच संपली. मला हसू येत होतं आणि ज्याच्याकडे बघून हसायचं तो माणूसच नव्हता."

मी म्हणाले, "मग मामाला का नाही सांगितलंस?" मोठ्याने म्हणाले. माझा मलाच आवाज ओळखू येईना.

आई म्हणाली, "कुठे सांगणार? मला कुठे ठावठिकाणा दिला त्याने? एवढ्या दिवसांत कळलं असेल कुणाकडून तरी. कळूनही येत नाही म्हणजे तिकडे बरं चाललं असेल."

मामा, तुझी सगळी पत्रं माझ्या बटणांच्या डब्यात होती. दिवाणापासून चार पावलांवर. मी डबा आणला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. तिने एकही वाचलं नाही. वरच्या पाकिटावरचं तुझं अक्षर बघत राहिली. मग म्हणाली, "जाडा झालाय का?" मी म्हटलं, पत्रातून कसं कळणार. ती म्हणाली, "अक्षर जाडं झालंय."

मग म्हणाली, "बरण्या लावल्या म्हणून मी रागावले नव्हते गं. मला एकटीला उभं केलं म्हणून."

तुझ्यावर केस नाही. तीन वर्षांपासून नाही. ये.

तुझी भाची


१५ जुलै

मौने,

बसून वाच म्हणालीस, पण पत्र कारखान्यात मिळालं आणि मी पट्ट्यापाशी उभाच होतो. एक अख्खी रांग बिनझाकणाची पुढे निघून गेली. साहेब आला, म्हणाला, "कुणी गेलं का घरी?" मी म्हटलं, "नाही साहेब, व्हिनेगर झालं." तो माझ्याकडे बघतच राहिला.

नळ्या उपटल्या! अगं, मी, जो सगळ्या जगाला नळीतल्या पाण्याचं शिकवत होतो, त्या माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की शिपायांना ते कोण शिकवणार? मला वाटायचं, माझ्या बरण्या तिथे रांगेत उभ्या आहेत, पुरावा म्हणून दिवसेंदिवस मुरतायत, आणखी आणखी चांगल्या होतायत. कधी कधी तर मला अभिमानच वाटायचा.

तुझी बरणी गेली त्याचं काही वाटून घेऊ नकोस. गेली नाही ती. नळी आटली नसती तर ताईला वास आला नसता.

काकूंबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. त्यांच्या प्रश्नाला उत्तर मलाही येत नाही. इथे माझ्या खोलीखाली एक माणूस राहतो, तो लावतो बरणी आणि चार दिवसांत कच्चीच पितो. त्याची बायको जिन्यात येऊन बसते. मी तिच्या बाजूने रोज निघून जातो. हे तुला आधी लिहिलं नव्हतं, माझ्या बाजूने बोलायचं होतं ना.

आता माझी पंचाईत ऐक. सकाळी बॅग काढली. दोन शर्ट भरले. मग पलंगावर बसून राहिलो आणि पुन्हा काढून ठेवले. इतके दिवस कुणी विचारलं की मी सांगायचो, कायदा येऊ देत नाही. सोपं होतं. आता कायदा बाजूला झाला तर मागे ताई उभी दिसते, एकटी, कोर्टात. तिच्यासमोर जाऊन काय बोलू? आणि तिथं येऊन करू काय? बरणीला हात लावायचा नाही. मग मी तिथं कोण? फळं खड्ड्यात टाकणारा?

रोज संध्याकाळी पाचच्या बसपर्यंत जातो. उभा राहतो. ती जाते.

ताईने माझ्यासाठी काही लिहून दिलंय का? एखादी ओळ?

मामा


३० ऑगस्ट

मामा,

आईने काही लिहून दिलं नव्हतं. विचारलं तर म्हणते, "मला काय लिहायचंय त्याला." पण तू काय काय लिहितोस ते आता मी तिला वाचून दाखवते. ती पोळ्या लाटत असते आणि ऐकत नाही असं दाखवते. पाचच्या बसचं वाचलं तेव्हा लाटणं थांबलं होतं.

व्हिनेगर मी बाटलीत भरून दुकानात नेलं. मोठ्या होणाऱ्या पोरांच्या पँटची दुमड सोडली ना, की जुनी रेघ राहते, कितीही इस्त्री करा. व्हिनेगरचं फडकं फिरवून इस्त्री केली की जाते. काकूंनी बाटली हुंगली आणि म्हणाल्या, "हे बाजारातलं नाही." मी सगळं सांगितलं. म्हणजे सगळं, पहिल्यापासून, बरणी, दिवाण, आई, तू. इतकं एका दमात मी आयुष्यात बोलले नव्हते. त्या ऐकत होत्या आणि मशीन थांबलेलं. मग म्हणाल्या, "माझ्याकडे बसून माझाच फलक शिवलास आणि घरी हे!" मला वाटलं काढलं कामावरून. त्यांनी फडकं भिजवलं, पँटवर फिरवलं, इस्त्री दाबली. रेघ गेली. म्हणाल्या, "व्हिनेगरला काही कायदा?" मी म्हटलं नाही. "मग बाटली राहू दे." आणि तुला निरोप आहे, शब्दाला शब्द लिही म्हणाल्या. "फलक मी उतरवणार नाही. समितीने बोलावलं तर पुन्हा हेच बोलेन. पण त्याला म्हणावं, माझ्या दुकानावरून मान खाली घालून जायचं नाही. जाडा झाला असेल तर पँट घेऊन ये, शिलाई सोडून देते."

झाडाला फळं लागलीयत. पडायला पण लागली. या वेळी आईने झाडू उचलला नाही. मी वाट बघतेय, ती अंगणातून चालते आणि फळांना वळसा घालून जाते. काल तिने पलीकडच्या खोलीतला पलंग झाडला. म्हणाली, "ढेकूण झाले असतील." आपल्याकडे ढेकूण कधीच नव्हते.

तू विचारलंस, तिथं येऊन मी कोण. मला नीट सांगता येणार नाही. पण मी दुपारी दिवाणावर बसते ना, तेव्हा आता खाली बरणी नाही, रजयाच आहेत, तरी मी ऐकत असते. मला तेव्हा पण बरणीचं काही नव्हतं. मला वाटायचं तू आत खोकलास.

रविवारी सकाळी घरच्या फोनवर कर. आईच्या. मी उचलेन. या वेळी बोलेन. नाहीच जमलं तर श्वास ऐक, पण तू ठेवू नकोस, मी पण ठेवणार नाही.

तुझी भाची

पाकीट चिकटवायच्या आधी आईने कागद मागितला. खाली तिने लिहिलंय. मला बघू दिलं नाही.


कोर्टाने नळ्या परत दिल्या होत्या. मी आणून फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यामागे ठेवल्या. दर महिन्याला पुसते. एक कमी भरत होती, ती कुठे गेली ते आता कळलं.

वापरू देणार नाही. पण एकही फुटलेली नाही, ते येऊन बघ.

पाचची बस इथे किती वाजता पोचते ते कळव. पोळ्या गरम ठेवता येत नाहीत, तेव्हा वेळेवर लाटीन.

ताई